मुंबईतलं प्रमाणपत्र की लंडनचं? एकोणिसाव्या शतकातलं ब्रिटिश प्रजाजनत्व

गोव्यात जन्मलेला माणूस मुंबईत कितीही वर्षं राहिला तरी कायद्याने पोर्तुगीज प्रजाच, म्हणजे परका. ब्रिटिश प्रजा व्हायला त्याच्यापुढे दोन वाटा होत्या.

पहिली, हिंदुस्थानचा 1852चा कायदा. स्थानिक सरकारकडे अर्ज करायचा. त्यात वय, जन्मस्थान, धंदा, इथे किती काळ राहिलो आणि कायम राहण्याचा इरादा हे सगळं लिहायचं. मंजूर झालं की राजनिष्ठेची शपथ. प्रमाणपत्र नीट वाचून घ्यावं लागे, कारण काही हक्क वगळायची मुभा सरकारला होती. शिवाय वसाहतीचं प्रजाजनत्व वसाहतीच्या हद्दीपुरतंच.

दुसरी, ब्रिटनचा 1870चा कायदा. तिथे किमान 5 वर्षं वास्तव्य किंवा राजसत्तेची 5 वर्षं नोकरी, आणि पुढेही तेच करण्याचा इरादा. गृहमंत्री कारण न देता नकार देऊ शके, त्यावर अपील नाही. गंमत म्हणजे हक्क 'युनायटेड किंग्डममध्ये' मिळतील असंच कलम म्हणतं, त्यामुळे वसाहतीत ते कितपत चालतील हा वादच राहिला. मूळ देशात पाऊल ठेवलं, आणि तिथलं प्रजाजनत्व रीतसर सुटलेलं नसलं, तर तेवढ्यापुरतं संरक्षणही गेलं.

मुंबईत घर-धंदा असलेल्याला पहिलीच वाट सोयीची. आयसीएसवर, म्हणजे परीक्षेतून भरल्या जाणाऱ्या हिंदुस्थानच्या वरिष्ठ सनदी सेवेवर, डोळा असेल तर मात्र दोन्ही कागद निरुपयोगी: 1853 आणि 1858च्या कायद्यांनी ती परीक्षा फक्त जन्मजात प्रजाजनांना खुली केली होती.