ताजी पीयूसी, रिकामा सायलेन्सर

जुनी गाडी दाखवताना एजंट 'पीयूसी आजच काढून देतो' असे म्हणाला, तर तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये, हे सांगण्यासाठी हा अनुभव लिहीत आहे. पिंपरी-चिंचवड परिसरातील जुन्या गाड्यांच्या एका एजंटाकडून आम्ही 2018 सालची, पेट्रोलवर चालणारी सात आसनी मारुती ईको घेतली. गाडी प्रदूषणाच्या बीएस-4 मानकाची होती, आरसी आणि विमा व्यवस्थित होता, टायर नवे होते आणि किंमतही बाजारभावापेक्षा संशय यावा इतकी कमी नव्हती. व्यवहाराच्या दिवशी एजंटाने ताजे पीयूसी प्रमाणपत्र हातात ठेवले आणि इंजिनाची एवढी हमी पुरेशी आहे, असे वर ऐकवले.

गाडी वापरात आल्यावर धुराला कच्च्या पेट्रोलचा उग्र वास येऊ लागला. मागचे दार उघडून सामान काढताना डोळे चुरचुरत. इंजिन चांगले तापल्यावरही वास कमी होत नव्हता आणि चढावर आवाज जरा फाटका वाटे. एजंटाला फोन केला, तेव्हा 'जुन्या गाडीला एवढे चालायचेच' असे उत्तर मिळाले.

आमच्या माहितीच्या मेकॅनिककडे गाडी नेली, तेव्हा त्यांनी बॉनेट न उघडता नुसती किल्ली फिरवून मीटरकडे पाहिले. किल्ली चालू करताच 'चेक इंजिन'चा पिवळा दिवा पेटायला हवा आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा. आमच्या गाडीत तो पेटतच नव्हता. मीटर खोलल्यावर त्या दिव्यापुढे काळ्या चिकटपट्टीचा नीट कापलेला तुकडा सापडला. स्कॅनर जोडल्यावर पी0420 हा कोड निघाला. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या नळीतला धूर शुद्ध करणारा डबा, अपेक्षेप्रमाणे काम करत नाही, असे गाडीच्या संगणकाला वाटले की हा कोड नोंदला जातो.

मग गाडी रॅम्पवर चढवली. कन्व्हर्टरच्या डब्याला कंपनीची वेल्डिंग एकसारखी, सरळ रेषेत असते. इथे मात्र डब्याच्या पोटावर हाताने केलेल्या वेल्डिंगचा ओबडधोबड सांधा होता आणि त्यावर चंदेरी रंग मारलेला होता. मेकॅनिकने बोटाच्या पेरांनी डबा वाजवला, तर रिकाम्या पिंपासारखा आवाज आला. डबा उतरवून आमच्यासमोर ग्राइंडरने कापला, तेव्हा आत कडेला चिकटलेले, अस्तरासारख्या बसवलेल्या चटईचे करडे तंतू आणि नखाएवढ्या दोन-तीन चिनी मातीच्या खपल्या, एवढेच होते.

या डब्यात मुळात बारीक नळ्यांची जाळी असलेला सिरॅमिकचा ठोकळा असतो आणि त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अतिशय पातळ लेप असतो. साधारण 250 ते 300 अंश सेल्सिअसच्या पुढे तापल्यावर हा लेप कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि नायट्रोजन यांत रूपांतर करतो. चोरीच्या धंद्यात या ठोकळ्याला सरळ 'माती' म्हणतात. 2021 मध्ये ऱ्होडियमचा भाव औंसाला 29 हजार डॉलरच्या आसपास गेला होता, आणि त्याच सुमारास पुणे, मुंबई परिसर व गुजरातेतील शहरांतून ईकोचे सायलेन्सर चोरीला जाण्याच्या बातम्या येत होत्या. ईकोचे इंजिन पुढच्या आसनांखाली असून तिचा कन्व्हर्टर खालून सहज हाती लागतो, हे त्यामागचे एक कारण होते. रस्त्यावर उभ्या गाडीचा सायलेन्सर चोरीला गेला, तर गाडी सुरू करताच होणाऱ्या गडगडाटाने मालकाला निदान कळते तरी. डबा कापून, माती काढून, पुन्हा वेल्डिंग करून बसवला, तर मात्र सहज कळण्याचे कारणच राहत नाही, आणि माझ्या मते या प्रकारातला खरा धोका हाच आहे.

आता पीयूसीचा भाग. बीएस-4 आणि त्यापुढच्या पेट्रोल चारचाकीला इंजिन निष्क्रिय वेगावर (अॅक्सिलरेटर न दाबता) चालू असताना कार्बन मोनॉक्साइड 0.3 टक्क्यापर्यंत आणि हायड्रोकार्बन 200 पीपीएमपर्यंत चालतात. मिनिटाला 2500 फेऱ्यांच्या आसपास कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 0.2 टक्के असते आणि लॅम्ब्डा, म्हणजे हवा आणि इंधन यांच्या मिश्रणाचे प्रमाण दाखवणारा आकडा, 0.97 ते 1.03 यांच्या दरम्यान असावा लागतो. एजंटाने दिलेल्या प्रमाणपत्रावर कार्बन मोनॉक्साइड 0.02 आणि हायड्रोकार्बन 18 असे आकडे होते, म्हणजे धडधाकट कन्व्हर्टर असलेल्या गाडीला शोभतील असे. दुसऱ्या केंद्रात आम्ही समोर उभे राहून नळी सायलेन्सरमध्ये नीट आत घालायला लावली, तेव्हा तेच आकडे 0.7 आणि 260 निघाले. लॅम्ब्डा मात्र बरोबर होता. इंधन आणि हवेचे मिश्रण पुढचा ऑक्सिजन सेन्सर राखतो, त्यामुळे डबा रिकामा असला तरी तो आकडा बिघडेलच असे नाही.

पहिले प्रमाणपत्र मग बारकाईने पाहिले. त्यावर छापलेल्या चाचणीच्या वेळी गाडी आमच्याच ताब्यात, फेरी मारून पाहण्यासाठी, देहूरोडच्या बाजूला होती. गाडीच्या फोटोत नंबरप्लेट स्पष्ट होती, पण कडेला मोबाईलच्या पडद्याची काळी किनार दिसत होती. म्हणजे गाडी केंद्रावर गेलीच नव्हती, मोबाईलमधल्या फोटोचा फोटो काढला होता, आणि नळी दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीत घातली असावी. तारीख-वेळ, फोटो आणि आकडे त्या कागदावर छापलेलेच असतात, पण ग्राहक बहुधा फक्त मुदत पाहतो.

खरी चाचणी झाली तरी पीयूसीला मर्यादा आहेत, हेही नमूद करतो. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत नायट्रोजनची ऑक्साइडे मोजलीच जात नाहीत, आणि डिझेल गाडीत फक्त धुराची घनता पाहतात. त्यामुळे डिझेल गाडी घेणाऱ्याने या कागदावर आणखीच कमी विसंबावे. सौदा ठरण्याआधी गाडी रॅम्पवर चढवून डब्याचे सांधे पाहावेत, स्कॅनर लावावा, आणि चेक इंजिनचा दिवा किल्लीबरोबर पेटून नंतर विझतो का, ते स्वतः पाहावे. एजंट या गोष्टींना नकार देत असेल, तर टोकन देऊ नये. स्वतःची गाडी अनोळखी गॅरेजात सायलेन्सरच्या कामाला टाकावी लागली, तर आधी खालून फोटो काढून ठेवावेत आणि कन्व्हर्टर बदलला, तर जुना डबा परत मागून घ्यावा. बिलात त्याची किंमत वजा होत नाही, पण भंगाराच्या बाजारात त्याला चांगले पैसे मिळतात.

गाडीचा कन्व्हर्टर काढणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे बेकायदा बदल ठरतो आणि कलम 182अ खाली अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. प्रदूषणाच्या मानकांचे उल्लंघन झाल्यास कलम 190(2) खाली दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. रस्त्यावर तपासणी झाली, तर पोलीस पुढे असलेल्या मालकाला विचारणार, आधीच्या मालकाला नाही. म्हणून गाडी घरी आणल्यावर असे काही आढळले, तर ते लगेच लेखी नोंदवून ठेवावे.

आम्ही तक्रारीचा अर्ज दोन्ही पीयूसींच्या प्रतींसह प्रादेशिक परिवहन कार्यालयात दिला आणि एजंटाला वकिलामार्फत नोटीस पाठवली. नव्या कन्व्हर्टरचा खर्च पन्नास हजारांच्या पुढे आला. एजंटाने आधी 'गाडी जशी आहे तशी विकली' असे उत्तर दिले, मग निम्मी रक्कम देऊन प्रकरण मिटवण्याची तयारी दाखवली. आम्ही ती नाकारून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. तिच्यासोबत स्कॅनरचा अहवाल, रॅम्पवरचे फोटो आणि मेकॅनिकचा लेखी जबाब जोडला आहे. कापलेला डबा आत सापडलेल्या खपल्यांसह पुरावा म्हणून जपून ठेवला आहे.