ठाण्यात घरून विक्री: फुकट जॉइनिंग, किट की विमा सखी?

‘ताई, जॉइनिंग फुकट आहे’ असं कुणी म्हणालं की आधी एवढंच विचारा: दुसऱ्या महिन्यात मला किती रुपयांचा माल उचलावा लागेल? घरून विक्री सुरू करणाऱ्यापुढे साधारण तीन रस्ते असतात. पैसा नाहीतर मेहनत तिन्हींत जाते. कुठे पहिल्याच दिवशी, कुठे हळूहळू.

फुकट जॉइनिंगवाल्या कंपन्यांत साबण, शाम्पू, प्रोटीन पावडर असा माल असतो. आधार, पॅन आणि बँकेचा तपशील दिला की आयडी हातात. पण बोनस हवा असेल तर आयडी ‘ॲक्टिव्ह’ ठेवावा लागतो, म्हणजे बहुतेक ठिकाणी दर महिन्याला ठरावीक पॉइंटांची (प्रत्येक वस्तूला कंपनीने ठरवलेले गुण) खरेदी. गिऱ्हाईक नसेल तर ती आपल्याच कपाटात साठते. शिवाय मार्जिनचं गणित बघा. समजा 300 रुपयांच्या फेसवॉशवर 20 टक्के, म्हणजे 60 रुपये सुटतात. तो मानपाड्याहून कासारवडवलीला पोचवायचा, तर रिक्षाचं नुसतं किमान भाडंच 26 रुपये. जाऊन-येऊन 52 धरले तरी हातात उरतात 8, आणि एवढ्या अंतराला किमान भाडं पुरत नाहीच. त्यामुळे हा धंदा आपल्याच बिल्डिंगमध्ये, फार तर शेजारच्या दोन विंगांत परवडतो. ‘नेटवर्क वाढवा’ सांगणारी अपलाइन, म्हणजे तुम्हाला जोडणारी, हे कधी सांगत नाही.

सुरुवातीच्या ऑफर नीट वेगळ्या करून बघा. ‘पहिल्या महिन्यात इतक्याची खरेदी, त्यावर बॅग मोफत’ ही साधी सूट आहे, माल लागणार असेल तर घ्या. ‘तीन जणी जोडा, जोडल्याचे पैसे मिळतील’ हे मात्र वेगळं प्रकरण. डाउनलाइनने, म्हणजे तुम्ही जोडलेल्यांनी, विकलेल्या मालावर कमिशन चालतं. नुसतं माणूस जोडण्याचे पैसे मिळत असतील तर ती पिरॅमिड योजना, आणि डायरेक्ट सेलिंगच्या, म्हणजे दुकानाशिवाय थेट विक्रीच्या, 2021 च्या नियमांनी तिला बंदी आहे. परदेश सहलीचं आमिष असेल तर हेही लक्षात ठेवा: वर्षाला 20,000 रुपयांवरच्या अशा लाभावर 10 टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापला जाणारा कर, लागतो. सहल फुकट, कर मात्र फुकट नाही.

किटचा रस्ता मला त्या मानाने सरळ वाटतो. डबे किंवा मेकअपचा संच घ्यायचा, हळदीकुंकवाला नाहीतर भिशीला चार जणींना दाखवायचा, ऑर्डर घ्यायची. गेलेला पैसा निदान डोळ्यांसमोर असतो. फक्त किटची सक्ती होतेय का ते बघा. केंद्राच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार नोंदणी शुल्क किंवा डेमोच्या साहित्याचे पैसे ही सामील होण्याची अटच असू नये. करारात दोन कलमं शोधा: न विकलेला माल कंपनी परत घेते का, आणि किती दिवसांत दंड न भरता बाहेर पडता येतं. ही माहिती तोंडी नको, कागदावर हवी.

तिसरा रस्ता एलआयसीची विमा सखी, म्हणजे एलआयसीची एजंट होऊन विमा विकायचा. डिसेंबर 2024 मध्ये सुरू झालेली ही योजना 18 ते 70 वयाच्या, किमान दहावी पास महिलांसाठी आहे. इथे स्टॉक नाही, उलट कमिशनखेरीज मानधन मिळतं: पहिल्या वर्षी महिना 7,000, दुसऱ्या वर्षी 6,000, तिसऱ्या वर्षी 5,000 रुपये. अट मात्र खमकी आहे. वर्षात 24 जणांचा विमा आणि पहिल्या वर्षाचं किमान 48,000 रुपये कमिशन. दुसऱ्या वर्षीचं मानधन हवं तर आधीच्या वर्षातल्या किमान 65 टक्के पॉलिसी चालू असायला हव्यात, म्हणजे नात्याखातर घेतलेली आणि पुढच्या हप्त्याला सोडलेली पॉलिसी तुमच्याच अंगावर येते. परीक्षाही द्यावी लागते, आणि एलआयसीच्या एजंट-कर्मचाऱ्यांच्या जवळच्या नातलगांना प्रवेश नाही. नौपाड्यात तर घरटी कुणीतरी ‘आमचे काका एलआयसीत’ म्हणणारं भेटतं. तिथे 24 जण जमवणं सोपं नाही. कळवा, दिवा, ऐरोलीच्या नव्या वस्तीत जास्त वाव असावा, असा माझा अंदाज.

हाताशी वेळ असेल, पैशांबद्दल बोलायचा संकोच नसेल, तर मी विमा सखी निवडेन. वेळ तुटपुंजा पण मैत्रिणींचा गोतावळा मोठा असेल तर किट, तेही स्वतः वापरत असलेल्याच मालाचं. फुकट जॉइनिंग घरखर्चाच्या सामानावर सूट मिळवण्यापुरतं ठीक, महिन्याचा पॉइंटांचा आकडा तुमच्या नेहमीच्या किराणा बिलात बसत असेल तर. आणि ‘15,000 चं पॅकेज घ्या, थेट वरच्या लेव्हलला बसा’ असं कुणी म्हणालं, तर चहा प्या आणि निघा.