कूलरची मोटर: तांब्याचं वाइंडिंग की अ‍ॅल्युमिनियमचं?
वहिनी, मोटर जळली तर आता वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, कशाचं भरून घेऊ म्हणालात ना, तर आधी हे बघा की चुंबकत्व तारेच्या धातूमुळे येत नाही, वेढे किती नि करंट किती यावर ते ठरतं. तांबं नि अ‍ॅल्युमिनियम दोन्हीत वेढे नि करंट सारखे असतील तर फील्ड, म्हणजे चुंबकीय क्षेत्रही सारखंच, 'कॉपरची ताकद जास्त' या दुकानदाराच्या गप्पा.

खरा फरक तापण्यात आहे. अ‍ॅल्युमिनियमचा रेझिस्टन्स साधारण १.६ पट, म्हणून तार जाड हवी, पण मोटरमधल्या तारेच्या खाचेत जागा तेवढीच, मग कारागीर बारीकच तार कोंबतो, ती तापते आणि तारेवरच्या जळक्या वार्निशचा तो वास घरभर! जोडावर ऑक्साइड धरतो, सोल्डर बसत नाही ते वेगळंच.

खर्च आणि वजन अ‍ॅल्युमिनियमचं कमी.

इंदूरच्या मे महिन्यात रात्रभर चालवणार असाल तर तांबंच घ्या. भाड्याच्या खोलीत तासभर लावायला अ‍ॅल्युमिनियम चालेल.