बी क्लास ऑटोक्लेव्ह: दातांच्या दवाखान्यात पावसाळ्यापासून वापरतेय

हँडपीस (दात कोरायचं हातात धरायचं यंत्र) रोज निर्जंतुक करणार असाल तर बी क्लास, म्हणजे आधी हवा खेचून घेणारा ऑटोक्लेव्हच (वाफेने हत्यारं निर्जंतुक करणारं यंत्र) घ्या, हे माझं आता पक्कं मत आहे. आधी आमच्याकडे कुकरच्या धर्तीचा उभा ऑटोक्लेव्ह होता. १२१ अंश, १५ पौंड दाब, १५ मिनिटं. मिरर, प्रोब, फोर्सेप्स अशी भरीव हत्यारं उघडी ठेवली तर तो आजही चोख काम देतो. पण एअरोटरच्या, म्हणजे हवेच्या दाबावर फिरणाऱ्या हँडपीसच्या, आत बारीक नळ्या असतात. त्यांत हवा अडकली की वाफ पोचत नाही आणि जंतू तसेच राहतात. बी क्लासमध्ये पंप आधी पुन्हा पुन्हा हवा खेचून घेतो, मगच १३४ अंशांची वाफ नळीतही शिरते आणि पाऊचमध्येही (हत्यारं बंद करून ठेवायची कागदी पाकिटं).

दुसरा मोठा फरक सुकण्याचा. जुन्यातून पाऊच ओलसर निघायचे, आणि ओल्या कागदातून जंतू सहज आत जातात. आता कागद कडकडीत कोरडा. पाऊच एकावर एक दाबून रचले तर मात्र खालचे ओलेच राहतात.

त्रासही आहे. पाणी डिस्टिल्डच लागतं, बोअरचं घातलं तर क्षार धरतात. मध्येच लाइट गेली की सायकल पहिल्यापासून. दाराचं गॅस्केट खराब झालं तेव्हा विक्रेत्याने फार ताटकळत ठेवलं, म्हणून एक जास्तीचं आधीच घेऊन ठेवा.

अजूनही हत्यारं २ टक्के ग्लुटारल्डिहाइड या जंतुनाशक द्रावणात २० मिनिटं बुडवून ‘स्टेराइल’ म्हणणारे आहेत, हे बघून जीव तुटतो. तेवढ्यात स्पोअर (जंतूंची चिवट, सुप्त रूपं) मरत नाहीत, त्याला १० तास लागतात. शिवाय त्या वासाने डोळे चुरचुरतात. वाफ सोसणारं हत्यार त्यात बुडवायचं कशाला? कार्बन स्टीलचे बर (हँडपीसला लावायची कोरणारी टोकं) वाफेने गंजतात, तेवढ्यांसाठी हॉट एअर ओव्हन ठेवलाय: १६० अंश, २ तास.

पाऊचवरच्या खुणेचा रंग बदलला म्हणजे फक्त उष्णता लागली, जंतू मेलेच असं नाही. म्हणून दर आठवड्याला जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या उष्णतेला चिवट जंतूच्या स्पोअरची व्हायल (छोटी कुपी) लोडबरोबर लावतो. नंतर ती आणि ऑटोक्लेव्हमध्ये न घातलेली एक, दोन्ही इनक्युबेटरमध्ये. न घातलेली जंतू वाढून पिवळी पडते आणि आपली जांभळीच राहते, तेव्हा खात्री पटते.

आणि हो, रक्त वाळू देऊ नका. वाळलेल्या रक्ताखाली वाफ पोचत नाही. आमच्या ताई हत्यारं आधी एन्झाइमच्या द्रावणात टाकतात, मग अल्ट्रासॉनिकमध्ये (ध्वनिलहरींनी मळ सोडवणारं यंत्र). घ्यायला जाल तेव्हा हेलिक्स टेस्ट, म्हणजे लांब बारीक नळीत वाफ पोचते का याची चाचणी, समोर करून दाखवायला सांगा. दीड मीटर नळीच्या टोकाच्या डबीतली पट्टी पूर्ण रंग बदलत नसेल तर ते मशीन घेऊ नका.