भाड्याचं घोडदळ पक्कं, अपाची मात्र सिनेमातले

गॅदरिंगचे दिवस आले की सोलापुरातल्या ड्रेपरीवाल्यांकडे मावळे आणि वासुदेव आधी संपतात. अशाच एका दुकानाने यंदा ‘रेड इंडियन व घोडदळ’ नावाचा संच काढलाय. अमेरिकी घोडदळाचे चार शिपाई, आणि चार अपाची, म्हणजे अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या आदिवासी जमातीचे लढवय्ये. दोन दिवसांचं भाडं शिपायाला साडेतीनशे, अपाचीला तीनशे, आणि डिपॉझिट वेगळं. दोन्ही बाजू एकाच माणसाने केल्यात यावर विश्वास बसत नाही, इतका त्यांच्यात फरक आहे.

घोडदळापासून सुरुवात करू. लाकडी कार्बाइन, म्हणजे घोडेस्वाराची आखूड बंदूक, बघताच कळतं की करणाऱ्याने १८७३ ची स्प्रिंगफील्ड नीट अभ्यासलीय. नळी मोजून २२ इंच. वरचं झाकण अंगठ्याने खटका दाबून उचललं की पुढच्या बाजूला उलटतं, मूळ बंदुकीसारखंच. एका वेळी एकच काडतूस, म्हणून प्रत्येक गोळीला ही उघडझाप. खऱ्या बंदुकीची गोम याच झाकणाखाली होती. काडतुसाचं कवच तांब्याचं, मऊ. चार-दोन गोळ्या झाडून नळी तापली की ते आत चिकटायचं, कवच ओढणारा आकडा त्याची कड फाडून मोकळा यायचा, आणि शिपाई लढाईच्या मध्यात चाकूने कवच कोरत बसायचा. नाटकात हा प्रसंग घ्यायचा असेल तर झाकणाच्या बिजागरीचा स्क्रू आधी तपासा. तो प्रत्येक तालमीला ढिला होतो. नेलपॉलिशचा एक थेंब टाकून आवळला की टिकतो.

पट्टा अडकवायची कडी कार्बाइनच्या डाव्या अंगाला आहे, ते बरोबर. अडीच इंची चामडी पट्टा डाव्या खांद्यावरून घ्यायचा, बंदूक उजव्या मांडीशी, तोंड खाली. दुकानातली पोरं ती पाठीवर आडवी बांधून देतात. तसं घेऊ नका. रिव्हॉल्व्हरचंही तेच. साडेसात इंची नळीचा कोल्ट रबरात छान ओतलाय, पण झाकणाचं म्यान उजव्या कमरेला आणि मूठ पुढे, असं हवं. मूठ मागे केली की शिपायाचा काउबॉय होतो. तलवारीचे जादा पैसे मागतील, देऊ नका. अपाचींच्या मुलखात मोहिमेवर निघताना घोडदळ तलवारी बहुधा छावणीतच ठेवायचं.

संचातली सगळ्यात देखणी वस्तू मात्र काडतुसांचा पट्टा आहे, आणि ती पक्की सोलापुरी आहे. पलंगाची तीन इंची निवार घेऊन त्यावर चाळीस घरं शिवलीत. यामागे खरा इतिहास आहे. आधी घरं चामड्याची असायची. चामड्यातल्या आम्लाने तांब्या-पितळेवर हिरवा कळक चढायचा आणि काडतूस घरातच चिकटून बसायचं. म्हणून १८७६ मध्ये लष्कराने जाड कापडाच्या घरांचा पट्टा काढला, आणि १८८० च्या सुमारास अ‍ॅन्सन मिल्स या अधिकाऱ्याच्या कल्पनेचा पट्टा आला, ज्यात पट्टा आणि घरं एकाच विणीत मागावरच तयार व्हायची. शिवणच नाही, तर उसवणार काय? पूर्व भागातल्या एखाद्या जुन्या विणकराला हा नमुना दाखवा, तो दोन पदरी विणीचं गणित तिथल्या तिथे मांडील. दुकानातला पट्टा शिवलेला आहे, त्यामुळे बकलाजवळची पहिली तीन घरं हमखास उसवतात, कारण वाकताना ताण तिथेच येतो. त्यांना आडवे टाके घालून घ्या.

गणवेश ठीक. गडद निळा सदरा, फिकट निळी पॅंट. पण चारही पॅंटींना पिवळी पट्टी लावलीय, आणि साध्या शिपायाला ती नसते. सार्जंटला एक इंच, कॉर्पोरलला अर्धा. एकाला हुद्दा द्या, बाकी तिघांच्या पट्ट्या उसवा.

आता अपाची. पाठीवर रुळणारा पिसांचा टोप, प्लॅस्टिकची कुऱ्हाड, रबरी चोच लावलेले बाण. टोप अमेरिकेच्या गवताळ मैदानांवरच्या जमातींचा, अपाचींचा नव्हे. सी. एस. फ्लाय याने मार्च १८८६ मध्ये काढलेल्या फोटोंत अपाचींचा म्होरक्या जेरोनिमो आणि त्याचे साथीदार बघा: डोक्याला कापडाची पट्टी, सैल सुती सदरे, हातात बंदुका. त्या वेळी अपाचीचं मुख्य हत्यार बंदूकच होतं, विंचेस्टर किंवा सैन्याकडून मिळवलेली स्प्रिंगफील्ड. म्हणजे कार्बाइन चार न घेता सहा घ्या, वरच्या दोन अपाचींसाठी.

बाकीचं घरी होतं. मांजरपाटाची हातभर रुंद पट्टी कमरेतून पुढे-मागे गुडघ्यापर्यंत सोडायची, दुसरी डोक्याला. कुऱ्हाडीऐवजी गदा करा. अपाची दगड कच्च्या चामड्यात शिवायचे आणि दगड व दांडा यांच्यात बोटभर मोकळी जागा ठेवायचे, म्हणजे घाव बसला तरी दांडा मोडत नसे. दगडाच्या जागी स्पंजचा चेंडू घाला. बाणाला बुरडाकडून बोरूसारखी पोकळ काडी आणून पुढे कठीण लाकडाचं टोक बसवा, मागे तीन पिसं. खऱ्या बाणाची बांधणी अशीच जोडाची असे. पायताणाची अडचण राहते. उंच मोकासिनच्या, म्हणजे त्यांच्या मऊ चामडी बुटाच्या, टोकाला काट्यांपासून वाचवणारी, वर वळलेली चकती लागते, आणि दुकानात मिळतात त्या झालर लावलेल्या चपला. जुन्या कॅनव्हासचे पायमोजे शिवून टोकाला चामड्याचा गोल तुकडा लावला तर हुतात्मा स्मृती मंदिराच्या तिसऱ्या रांगेतून फरक कळत नाही.

सामान घेताना लाकडी काडतुसं दुकानदारासमोर मोजा. पट्ट्यात घरं चाळीस, काडतुसं अडतीस किंवा एकोणचाळीसच निघतात, आणि परत देताना चाळीसचा हिशेब लागतो.