हाफ मून बेचा विमानतळ : कंट्रोलर नसलेला स्टँड

कॅलिफोर्नियात मुलांकडे आलात की गोल्डन गेटचा पूल आणि नापाचे द्राक्षमळे दाखवतातच. माझी शिफारस वेगळी आहे. हाफ मून बेचा विमानतळ बघा. प्रवासाला नव्हे, नुसता बघायला. तिकीट नाही, रांग नाही, पट्टा-बूट कुणी काढायला लावत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला, समुद्राकाठच्या एक नंबर हायवेला लागून हे ठिकाण आहे. आजूबाजूला ब्रसेल्स स्प्राउटची शेतं (लिंबाएवढाले कोबी), पिलर पॉइंटच्या टेकाडावर लष्करी रडारची भलीमोठी थाळी आणि मध्ये ५,००० फुटांची धावपट्टी. युद्धकाळात १९४२ साली लष्करासाठी बांधली, १९४७ मध्ये सॅन मटेओ काउंटीकडे आली. एअरलाइनचं विमान इथे येत नाही. येतात ती दोन-चार सीटांची खासगी विमानं. कोयना प्रकल्पाच्या वेळी झालेली आमच्या कराडची धावपट्टी मी जन्मभर एसटीच्या खिडकीतूनच पाहिली. इथे विमानं हातभर अंतरावर उभी.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. त्यामुळे गेल्या गेल्या विचारलं, ‘‘कंट्रोल केबिन कुठं आहे?’’ जावईबापू म्हणाले, ‘‘बाबा, इथे टॉवरच नाही.’’

मग त्यांनी हातातला छोटा रेडिओ १२२.८ वर लावून दिला आणि मी तासभर जागचा हललो नाही. प्रत्येक वैमानिक आपण कुठे आहोत ते आपणच सांगतो. धावपट्टीला समांतर आलो, वळलो, आता सरळ उतरतोय, उतरलो, पट्टी मोकळी केली. बोलताना सुरुवातीला आणि शेवटी ‘हाफ मून बे’ म्हणायचंच, कारण हीच फ्रीक्वेन्सी टॉवर नसलेले इतर विमानतळही वापरतात. भलत्या गावचं ऐकून कुणी घोटाळा करू नये. एक सेस्ना (छोटं खासगी विमान) उतरण्याआधीच्या फेरीत असताना मागून वेगवान विमान आलं. ‘दिसलात, तुमच्या मागून येतो,’ त्याचा वैमानिक म्हणाला आणि लांबून वळसा घेतला. कुणी कुणावर डाफरलं नाही. आमच्याकडे एका फलाटावर दोन गाड्या घुसल्या की माइकवर माझा घसा बसायचा.

एक गोष्ट मात्र मला पटली नाही. अशा विमानतळावर रेडिओ असणं कायद्याने सक्तीचंही नाही. बिनरेडिओचा कुणी आला तर बाकीच्यांनी डोळ्यांनी हेरायचं. माझ्या हातात असतं तर मी त्याला आत घेतला नसता.

धावपट्टीशेजारीच ‘थ्री-झीरो कॅफे’ आहे. धावपट्टी ३० म्हणजे होकायंत्रावर साधारण ३०० अंश, त्यावरून नाव. वारा बहुतेक समुद्राकडून, वायव्येचा. विमानं वाऱ्याला तोंड देऊन उतरतात, म्हणून याच दिशेचा वापर जास्त. अंडी, पॅनकेक, बटाटे असा अमेरिकी नाष्टा. लोक खास तेवढ्यासाठी विमान काढून येतात. वैमानिकांत अशा फेरीला ‘शंभर डॉलरचा बर्गर’ म्हणतात. बर्गर स्वस्तच असतो, पैसे पेट्रोलला जातात.

पेट्रोलवरून आठवलं. भारतात गाड्यांचं शिसंयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं, अमेरिकेत १९९६ ला. पण पिस्टन इंजिनाच्या या विमानांपैकी बरीचशी अजून शिसं घातलेल्या निळ्या पेट्रोलवरच उडतात. कॅलिफोर्नियाने त्याच्या विक्रीवर २०३१ पासून बंदीचा कायदा केलाय. लहान नातवंडं असतील तर इंजिनं तापवत उभ्या असलेल्या विमानांपासून लांबच बसवा.

आता हवेचं. उन्हाळ्यात सकाळी समुद्रावरून धुकं आत शिरतं आणि मग काहीच दिसत नाही, उतरत तर नाहीच. दुपारकडे जा. जुलै असला तरी जाकीट न्या.

आणि ऑक्टोबरात भोपळ्याच्या जत्रेच्या शनिवार-रविवारी ९२ नंबरचा डोंगरातला रस्ता धरू नका, गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. उत्तरेकडून पॅसिफिका गावामार्गे टॉम लँटोस बोगद्यातून या. तो २०१३ साली झाला. त्याआधीचा कड्यावरचा रस्ता दरडी कोसळून वरचेवर बंद पडायचा. त्या जुन्या रस्त्यावर आता लोक पायी फिरतात. गुडघे धड असतील तर तेही करा.