सायकल एम घ्यायची की एल? दोन साईजच्या मधे अडकलेल्यांसाठी

माझी उंची 5 फूट 9 इंच, म्हणजे 175 सेंटीमीटर, आणि काही सायकल कंपन्यांच्या साईज चार्टमधे या उंचीला एम पण चालते आणि एल पण. मी माउंटन बाइक घेतली तेव्हा दुकानात एल शिल्लक होती म्हणून एल घेतली. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर तासभर चालवली की हाताचे पंजे बधिर व्हायचे, मान आखडायची, आणि मला वाटायचं माझाच स्टॅमिना कमी आहे. आठ महिन्यांनी मावसभावाने तेच मॉडेल एममधे घेतलं, तेव्हा कळलं की दोष साईजचा होता.

आम्ही दोन्ही सायकली पार्किंगमधे सपाट फरशीवर शेजारी शेजारी सरळ उभ्या धरल्या, हँडलच्या खालच्या उभ्या नळीच्या वरच्या टोकाच्या मधोमध दोरा लावला, दोऱ्याला एक नट बांधून लोंबता सोडला, आणि पेडलच्या दांड्या जिथे जोडलेल्या असतात त्या बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून दोऱ्यापर्यंत आडवं टेपने मोजलं. यालाच रीच म्हणतात. माझ्या एलचा रीच अडीच सेंटीमीटर जास्त निघाला. ऐकायला थोडं वाटतं, पण उभं राहून सायकल चालवताना शरीर किती ताणलं जाणार हे तोच आकडा सांगतो.

आता प्रत्यक्षात काय फरक पडतो ते सांगतो. मुरमाच्या अरुंद वाटेवर वळणं एकामागोमाग एक आली की एम पटकन वळते, पुढचं चाक उचलून दगडावर ठेवणं सोपं जातं. एल जास्त लांब असल्यामुळे वेगात, सरळ, खडबडीत उतारावर स्थिर वाटते, हँडलवरून पुढे फेकले जाऊ अशी भीती कमी वाटते, हे मान्यच करायला पाहिजे. चढावर मात्र मला एलवर फार पुढे वाकावं लागायचं. आणि अचानक थांबून पाय टेकायचे असतील तर वरच्या दांड्याची उंची महत्त्वाची, दोन्ही पाय जमिनीवर असताना दांडा आणि शरीर यांच्यात निदान 5 सेंटीमीटर तरी जागा हवी, टेकडीवर उंचसखल असतं म्हणून जास्त असेल तर चांगलंच.

उंची एकच असली तरी माणसं सारखी नसतात. माझे पाय लांब आणि धड आखूड, म्हणून सीट वर घेऊनसुद्धा हँडल लांबच राहायचं. ज्याचं धड आणि हात लांब आहेत त्याला त्याच उंचीत एल छान बसेल. पायाचं माप घरीच घ्या: अनवाणी भिंतीला टेकून उभे रहा, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांच्या मधे वर दाबून धरा, पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. त्याला 0.883 ने गुणलं की बॉटम ब्रॅकेटपासून सीटच्या वरपर्यंतची उंची अंदाजे मिळते. 80 सेंटीमीटर असेल तर साधारण 70.6. टेकडीवर यापेक्षा थोडी खाली ठेवलेली बरी.

"स्टेम (हँडल पुढे धरून ठेवणारा आखूड दांडा) बदलू, होऊन जाईल" असं दुकानदार सांगतात त्याचं काय? 70 मिलिमीटरच्या जागी 50 चा स्टेम लावला तर हँडल 2 सेंटीमीटर जवळ येतं, मी तेच केलं आणि बधिरपणा बराच कमी झाला. पण स्टेम आखूड केला की हँडल जास्त चपळ होतं आणि फ्रेमची लांबी तर तीच राहते. सीट पुढे सरकवून रीच कमी करायला मात्र जाऊ नका, त्याने गुडघ्याची जागा बिघडते. उलट एम थोडी लहान वाटली तर जरा लांब स्टेम किंवा लांब सीटपोस्ट (सीटखालची नळी) लावता येतो, फक्त पोस्टवरची किमान आत ठेवायची खूण दिसता कामा नये.

म्हणून मधल्या उंचीच्या, नवीन शिकणाऱ्या, टेकडीच्या अरुंद वाटांवर चालवणाऱ्या माणसाला मी एमच सांगेन. लांब हाताचे असाल आणि वेगाने उतरायलाच मजा येत असेल तर एल घ्या, बिनधास्त. फक्त एका कंपनीची एम दुसऱ्या कंपनीच्या एमएवढी असेल असं धरून चालू नका. स्पेशलाइज्डच्या काही माउंटन बाइकना तर एस1 ते एस6 असे नंबर असतात आणि ते रीचच्या हिशोबाने ठरवलेले असतात. जुन्या सायकलींवर 17, 19 असे इंच लिहिलेले दिसतात, ते सीटच्या नळीच्या लांबीचे, त्यावरून रीच कळत नाही. सेकंडहँड बघायला जाताना खिशात दोरा, नट आणि टेप ठेवा, आणि विकणाऱ्याला सांगून पाच मिनिटं पेडलवर उभं राहूनच चालवून बघा.